माझ्या नाडीवर तीन माणसं

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. कॅप्टनने स्वतःची नोंद ठेवली पाहिजे, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर दाखवता येते. अर्थात ही वही कोणाला दाखवायची नाही.

प्रॅक्टिसनंतर कोचने फॉर्म वाटले. वर ठळक अक्षरांत: 'फुटबॉल व इतर अंगझटीचे खेळ खेळण्यास शरीराने योग्य असल्याचा दाखला.' खाली रग्बी, बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो अशी यादी. म्हणजे एका सहीत मी बॉक्सरसुद्धा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मापालोचे बाबा, आधी नळाचा वॉशर बदला, मग काय ते बॉक्सिंग करा.

बारा ऑक्टोबरला आमच्या स्ट्रायकरला, एवारिस्टोला जाऊन वर्ष होतं. सकाळी त्याच्या मामाच्या अंगणात आठवणीचा कार्यक्रम, दुपारी त्याच्या नावाची मॅच. आमची गिरणी रेंजर्स विरुद्ध बेकरीची टीम. मी त्याची नऊ नंबरची जर्सी घालणार. मी खरं तर डिफेंडर, वय एकेचाळीस. पण चौदा वर्षं त्याच्या मागे उभा राहून खेळलो. ती जर्सी दुसऱ्या कोणाच्या अंगावर मला बघवणार नाही. न खेळण्याचा प्रश्नच येत नाही.

फॉर्मची चिंता नाही. माझं प्रेशर गिरणीत प्रसिद्ध आहे. मागच्या वर्षी एकट्याने तिघांचं मोजून दिलं: माझं, एवारिस्टोचं आणि गोलकीपरचं. शर्ट बदलायचा, नाव बदलायचं, हात पुढे करायचा. यात नवीन काही नाही, सगळ्याच टीम असं करतात. अकरा जण पाळी सोडून दवाखान्यात बसले तर पिठाची पोती कोण शिवणार? ज्याचा हात चांगला तो बसतो. माझ्या एका नाडीवर तीन माणसं वर्षभर खेळली.

एवारिस्टो वर्षभर नाही. सव्वा महिना.

२ सप्टेंबर

काल एक गोष्ट लिहायची राहिली. तो उन्हाने गेला. ऑक्टोबर महिना, दुपारी दोनची मॅच, लुआन्श्याचं ते उघडंबोडकं मैदान. साठाव्या मिनिटाला, जवळपास कोणी नसताना, तो खाली बसला आणि मग आडवा झाला. आम्ही एका गोलने पुढे होतो. रेफरीला वाटलं वेळ काढतोय, म्हणून त्याने पिवळं कार्ड दाखवलं. ते कार्ड अजून लीगच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर आहे.

ऊन कोणाच्या हातात असतं?

४ सप्टेंबर, गुरुवार

गिरणीच्या दवाखान्यात जाऊन आलो. एकशे अडुसष्ट, खाली एकशे आठ. मशीन बिघडलेलं आहे.

आधीचे सियामे डॉक्टर आता नाहीत. एवारिस्टोच्या प्रकरणानंतर त्यांची चौकशी झाली. फिट म्हणून लिहिलेला माणूस मेलाच कसा, असं विचारून त्यांना पार सरहद्दीकडच्या कुठल्या तरी खेड्यात पाठवलं. वाईट झालं. पण डॉक्टरने निदान समोरच्याच्या तोंडाकडे तरी बघावं. ते नुसते हाताकडे बघायचे.

आता शोंगा मॅडम आहेत. न्गोनी जमातीच्या आहेत, मी बेम्बा, त्यामुळे एकमेकांची टिंगल करायचा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्कच आहे. त्या म्हणाल्या, माकडं खाणाऱ्यांचं प्रेशर असंच चढतं. मी म्हटलं, उंदीर खाणाऱ्यांना मशीन कुठून कळणार. हसत हसत त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, फोटो तोंडाशी ताडून पाहिला आणि फॉर्मवर काहीच न लिहिता तो ड्रॉवरमध्ये टाकला. गोळ्या घ्या, मीठ सोडा, आठवड्याने या.

गोळ्या घेतल्या नाहीत. गोळ्या आजारी माणसं घेतात.

५ सप्टेंबर

संकल्प: मीठ बंद. पहाटे पाचला उठून पळायचं. रोज लसणाच्या चार पाकळ्या चावायच्या. चिडायचं नाही.

बायकोला सांगितलं की आजपासून माझी भाजी अळणी. तिने पातेल्यातून माझी वाटी वेगळी काढली आणि काहीही बोलली नाही. तिचं हे काहीही न बोलणं मला आवडत नाही, पण संकल्पामुळे चिडलो नाही.

८ सप्टेंबर

पळणं: एकदा. चपलेचा अंगठा तुटला. पळायला बूट लागतात, आणि बूट मॅचसाठी जपून ठेवले आहेत.

लसूण: नियमित. शेजारच्या मशीनवरचा माणूस दुसऱ्या पाळीत गेला.

मीठ: आज सुकी कापेंटा मासळी होती. मासळी मुळातच खारट असते, त्यात आपण घातलेलं मीठ नसतं. म्हणून चालते.

११ सप्टेंबर, गुरुवार

एकशे बहात्तर, खाली एकशे दहा. या वेळी मी डावा हात दिला होता, तरीही.

शोंगा मॅडमना समजावलं की माझा दंड भरदार आहे, त्यांचा पट्टा बायकांच्या मापाचा आहे. त्यांनी मोठा पट्टा आणला. आकडा तोच. झोप लागते का, विचारलं. मी म्हटलं, लाकडासारखी. मग त्यांनी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत बसल्या. एकाच दुपारी तीन नावं. एकशे अठरावर शहात्तर, एकशे अठरावर चौऱ्याहत्तर, एकशे सोळावर शहात्तर. त्या म्हणाल्या, गंमत आहे, तुमच्या टीममध्ये सगळ्यांची हृदयं एका आईच्या पोटची दिसतात.

मी म्हटलं, शिस्त. कॅप्टन जसा, तशी टीम.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वर्षात इतकं चढलं त्याअर्थी मध्ये काहीतरी घडलं असणार. मी म्हटलं, काही नाही घडलं. पिठाचा दर वाढला.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चबाहेर फेलिस्टस भेटली, एवारिस्टोची बायको. परातीत वितुंबुवा घेऊन बसली होती. एरवी चर्च सुटलं की या गोड वड्यांवर झुंबड उडते. तिच्या परातीपाशी कोणीच नव्हतं.

नवरा गेला की वर्षाच्या आत त्याच्या माणसांनी बायकोच्या मनगटावर पांढरे मणी बांधायचे आणि तिला मोकळं करायचं, ही आमची रीत. तोवर तिच्यावर मेलेल्या माणसाचं सावट असतं. तिच्या हातचं लोक खात नाहीत, तिच्या शेजारी बसत नाहीत. फेलिस्टसला अजून मणी बांधलेले नाहीत. एवारिस्टोचे कसुबा मामा नाही म्हणतात. त्यांच्याकडे कागद आहे. मागच्या सप्टेंबरचा दाखला: प्रेशर उत्तम, नाडी उत्तम, खेळण्यास योग्य. इतका ठणठणीत माणूस सव्वा महिन्यात मरतो कसा? घरात कोणीतरी काहीतरी खायला घातलं. घरात कोण होतं?

हॉस्पिटलने हृदय बंद पडल्याचं सांगितलं होतं. त्यावर मामांचं म्हणणं, मेल्यावर सगळ्यांचंच बंद पडतं.

फेलिस्टसने मला हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं कोणी बाजारभाव सांगतं. बारा तारखेला मामा तो कागद सगळ्यांसमोर वाचून घेणार आहेत. मी म्हटलं, देव सगळं बघतो. मग आधार म्हणून तिच्या हातचे तीन वडे तिथेच उभं राहून खाल्ले, लोकांना दिसावं म्हणून. त्यात मीठ नसतं.

तिने पैसे घेतले नाहीत. म्हणाली, तुम्ही त्याचे भाऊ. मला घरी येईपर्यंत ढेकर येत होते.

१५ सप्टेंबर

नीट विचार केला. मी त्या दिवशी बसलो नसतो तर दुसरं कोणी बसलं असतं. दुसऱ्याचेही आकडे चांगलेच आले असते. म्हणजे कागद तोच झाला असता. म्हणजे माझा संबंध येत नाही.

हे लिहून बरं वाटलं.

१८ सप्टेंबर

एकशे पासष्ट. उतार आहे. फक्त तीनचा फरक, पण पहिल्या दिवसाशी तुलना केली तर दिशा बरोबर आहे. असा रोज एक-एक उतरला तर मॅचपर्यंत मी विशीतला होईन.

शोंगा मॅडमनी पुन्हा गोळ्या दिल्या. या वेळी खिशात ठेवल्या. त्या म्हणाल्या, डोकं दुखतं का? मी नाही म्हटलं. दुखतं.

२० सप्टेंबर, शनिवार

आमच्याकडे कंपांबा नावाचा नवा विंगर आहे. बावीस वर्षांचा, पायात वारा भरलेला. मला मुदाला म्हणतो, म्हणजे म्हातारा. प्रेमाने म्हणतो असं मी धरून चालतो.

प्रॅक्टिसनंतर त्याला बाजूला घेतलं. सहज विषय काढला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खाजगी दवाखाना आहे, तिथे ओळखपत्र बघत नाहीत म्हणे. मी पुढचं बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मुदाला, एवढंच ना? शर्ट द्या तुमचा."

माझी गरज तात्पुरती आहे. मशीनच्या चुकीमुळे आहे. त्यामुळे ही लबाडी होत नाही, ही दुरुस्ती होते.

२४ सप्टेंबर

दाखला मिळाला. गेर्शोम चिसांगा, एकशे सोळावर चौऱ्याहत्तर. फुटबॉल, रग्बी, बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो, सगळ्याला योग्य. कोचने पाठ थोपटली. म्हणाला, एकेचाळिसाव्या वर्षी हे आकडे, शाबास.

कंपांबाला मुन्कोयो पाजला. तो दुसरा पेला भरत म्हणाला, "मुदाला, माझ्या नाडीवर अजून तिघं-चौघं सहज खेळतील. रांगेत आहेत."

मला काय झालं कळत नाही. घरी गरम न्शिमा होती, घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. बायकोने विचारलं, मीठ नाही म्हणून का? मी हो म्हटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

प्रॅक्टिस. पंधरा मिनिटं छान. मग कानात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. गवत ओलं होतं, बूट जुने होते, वारा उलटा होता. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण अंगण खरोखर वाकडं असू शकतं.

गोलकीपर कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. त्याला महिनाभर चक्कर येते. तो म्हणत होता, एकदा दाखवून येतो. कंपांबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "बस रे, मी आहे ना."

मी कंपांबाच्या कानाखाली वाजवली.

सगळी टीम बघत राहिली. कोचने विचारलं, काय झालं? मला सांगता येईना. उन्हाने डोकं फिरलं असेल. कंपांबा गाल चोळत नुसता माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, मारलंत का ते तरी सांगा.

संकल्प, चिडायचं नाही: मोडला. बाकीचे आधीच मोडले होते.

१ ऑक्टोबर

कसुबा मामांनी बोलावून घेतलं. आमच्यात आईचा भाऊ म्हणजे घराचा न्यायाधीश. म्हातारा झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मोतीबिंदूमुळे माझ्याऐवजी माझ्या शेजारच्या कोंबडीकडे बघत बोलत होता. म्हणाले, गेर्शोम, तू त्याच्याबरोबर त्या दिवशी दवाखान्यात होतास. बारा तारखेला तू उभं राहायचं, कागद मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचं, हो, तपासलं, माझ्यासमोर तपासलं.

मग तो कागद माझ्या हातात दिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. खाली एवारिस्टो न्कोले अशी सही. माझं अक्षर. 'न्को'ला मी जरा वळण जास्त दिलं होतं, त्याच्यासारखं दिसावं म्हणून.

मी म्हटलं, वाचतो मामा.

काय म्हणणार होतो? म्हाताऱ्या माणसाला एकदम धक्का देऊन चालत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

उकाडा. पंख्याखालीसुद्धा घाम.

बायकोला दाखला सापडला, खिशातल्या न फोडलेल्या गोळ्यांबरोबर. तिने आधी गोळ्या टेबलावर मांडल्या, मग शेजारी दाखला ठेवला. म्हणाली, "ही कोणाची नाडी आहे, मापालोचे बाबा?"

मी म्हटलं, टीमची.

तिला मागच्या वर्षीचंही माहीत आहे. मीच तेव्हा जेवताना सांगितलं होतं, तीन शर्ट कसे बदलले ते, हावभावांसकट. ती खूप हसली होती. आज ती फेलिस्टसच्या परातीतले उरलेले सगळे वडे विकत घेऊन आली. एकूण चाळीस. म्हणाली, हे संपेपर्यंत आपल्या घरी दुसरं काही शिजणार नाही.

८ ऑक्टोबर

योजना पक्की. बारा तारखेला कागद वाचायचा. मॅच खेळायची. गोल करायचा, तो एवारिस्टोला अर्पण करायचा. मग आठवड्याभराने, वातावरण निवळलं की, मामांना एकांतात सांगायचं की कागदावर फार विसंबू नका, मशीन बिघडलेली असतात. त्यातून ते आपोआप समजतील आणि मणी बांधतील. कोणाचं वाईट न होता सगळ्यांचं चांगलं.

दुसरी योजना: निनावी पत्र. पण मामांना वाचता येत नाही, आणि वाचायला ते मलाच बोलावतील.

एकोणीस वडे उरले आहेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

वर्षभरात मी एवारिस्टोसाठी एकदाही रडलो नाही. अंत्ययात्रेत कॅप्टन म्हणून पुढे होतो, खड्ड्यात फावडं मारायलाही पहिला होतो. लोक म्हणाले, काय कणखर माणूस आहे. आज बूट पुसायला घेतले आणि रडू आलं. तो माझा जिवाभावाचा मित्र होता. त्याला डाव्या पायाने पास दिलेला आवडायचा नाही, लगेच तोंड वाकडं करायचा. मला तो हवा आहे. बाकी मला काही नको.

जर्सी मात्र घालणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सहा

तयार आहे. आवाज मोकळा व्हावा म्हणून आल्याचा तुकडा चघळला. कागद फक्त वाचायचा. वाचणं म्हणजे साक्ष नव्हे. मॅच दोनला.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

जे झालं ते लिहितो.

अंगणात साठ-सत्तर माणसं होती. दोन्ही टीम जर्सी घालूनच आलेल्या. मामा खुर्चीत. फेलिस्टस एका टोकाला चटईवर, काळ्या कपड्यात, मान खाली, आणि तिच्या आजूबाजूला हातभर जागा रिकामी. मी उभा राहिलो. वाचायला लागलो. नाव, एवारिस्टो न्कोले. वय, छत्तीस. वजन, चौऱ्याऐंशी किलो.

मागून कोणीतरी म्हातारी खुदकन हसली. म्हणाली, आमचा एवारिस्टो आणि चौऱ्याऐंशी? भिजला तरी भरला नसता.

थोडे लोक हसले. माणसाची आठवण निघाली की हसतात तसे. मीही हसून पुढच्या ओळीवर जाणार होतो. वजनाकडे वर्षभरात कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं. माझंसुद्धा. तेवढ्यात फेलिस्टसने मान वर केली. तिने आजवर तो कागद पाहिलेलाच नव्हता, मामांनी दाखवला नव्हता. ती म्हणाली, "सत्तरच्या वर तो कधीच नव्हता. लग्नाचा कोट मी तीनदा आत घेतला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नऊ नंबरची जर्सी घालून उभा होतो आणि ती पोटावर ताणली गेली होती. कोणीही बघून सांगितलं असतं की चौऱ्याऐंशी किलो म्हणजे कोण.

मी म्हटलं, वजन माझं आहे. प्रेशरही माझं. नाडीपण माझी. सही मी केली.

मला वाटलं होतं ओरडाआरडा होईल, कोणी धावून येईल. त्यासाठी मी तयार होतो, एकदोन वाक्यंही मनात होती. सगळेच असं करतात, वगैरे. पण मामा खुर्चीतून पुढे झुकले. मग या वेळी कोंबडीकडे नाही, नेमकं माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "मग त्याचं किती होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. ते कधी कोणी मोजलंच नाही.

मग फेलिस्टसने विचारलं, "तो दवाखान्यात आला होता का?"

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, आला होता. रांगेत माझ्या पुढे होता. छातीत काहीतरी जड वाटतं, ते दाखवायचं म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस, सीझनभर बाहेर बसवतील, मग गोल कोण करणार? घरी जा. मी आहे ना.

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "संध्याकाळी मी त्याला विचारलं, छातीचं सांगितलंस? म्हणाला, तपासलं, सगळं ठीक आहे. मग मी पुन्हा विचारलं नाही." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पुन्हा विचारायला हवं होतं."

तुझी काही चूक नाही, असं मला म्हणायचं होतं. ते म्हणायचा हक्क तिथे सगळ्यांना होता, एक मला सोडून.

मामांनी मणी मागवले. त्यांना दिसत नव्हतं म्हणून गाठ दुसऱ्याने मारली. वर्षभर तोंड फिरवणाऱ्या बायका तिच्या चटईवर सरकून बसल्या, एकीने तिला पाणी दिलं. मामा तिला म्हणाले, मुली, आम्ही चुकलो. तिने मनगटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मॅच झाली नाही. कोचने टीमला उभं करून विचारलं, ज्यांच्या दाखल्यावर स्वतःचे आकडे आहेत त्यांनी हात वर करा. सहा हात. त्यातला एक कंपांबाचा. बेकरीवाले आधी हसले. मग त्यांच्या कोचने त्यांना तेच विचारलं. पाच. सगळे मुन्कोयो पिऊन घरी गेले. गोलकीपरला त्याची आई हात धरून घेऊन गेली, तीस वर्षांच्या बाप्याला.

जर्सी मामांच्या अंगणात तारेवर ठेवून आलो. घरी बनियनवर आलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाळीआधी दवाखान्यात गेलो. वाटलं होतं आज तरी उतरलेलं असेल. खरं बोललं की छातीवरचं ओझं जातं म्हणतात.

एकशे शहात्तर, खाली एकशे बारा.

शोंगा मॅडमनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला आणि मी ती त्यांच्यासमोर गिळली. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं असावं, कारण आज त्यांनी माकडाचं नाव काढलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी त्याला तपासलं असतं तर कळलं असतं का? त्या म्हणाल्या, "कदाचित कळलं असतं. कदाचित नसतं." महिन्यापूर्वी मी यातलं दुसरं वाक्य उचलून घरी नेलं असतं.

त्यांनी ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढला, 'अयोग्य'वर खूण केली आणि मी खाली सही केली, माझ्या नावाने. मग त्यांच्याकडून कोरा कागद घेऊन सियामे डॉक्टरांच्या नावे पत्र लिहायला बसलो. तुम्ही मला तपासलं होतं, त्याला नाही. एवढंच लिहून झालं.

एक गोष्ट काल सांगितली नाही, कोणी विचारली नाही म्हणून. त्या दिवशी रात्री पाळी बदलताना मी एवारिस्टोला त्याचा दाखला नेऊन दिला. तो जिन्यापाशी उभा होता. कोणाचे आकडे आहेत हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्याने एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि मला विचारलं, "बरं आहे ना माझं?" मी म्हटलं, ठणठणीत. तो हसला. खरंच बरं वाटल्यासारखा हसला, कागद खिशात ठेवला आणि वरच्या मजल्यावर कामाला गेला. बेचाळीस पायऱ्या आहेत. तो तीनदा थांबला. मी खाली उभा राहून बघत होतो.